झाडाचा पंच

पंचनाम्याचा कागद माझ्यापुढं धरून वनरक्षक म्हणाला, "करा सही. कायदा तुम्हीच आणला की गावात."

साल १९८७. समोर माझ्या चुलत्याचा आंबा आडवा पडला होता. बुंध्याला करवतीचा ताजा वास. फांद्यांवर कैऱ्या तशाच. पोरं वेचीत होती आणि चुलती त्यांना हाकलीत नव्हती. चुलता बांधावर उकिडवा बसून मातीत काडीनं काहीतरी उकरीत होता. आणि गावात लिहिता-वाचता, चळवळीतला, कायदेबाज म्हणून पंच कोण, तर मी.

मित्रांनो, ह्या सहीवर मी गेली पस्तीस-चाळीस वर्षं विचार करतोय. अन्यायाशी लढणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, पण तिथं निदान बाजू ठरलेली असते. आपणच मिळवलेलं हत्यार आपल्याच माणसावर चाललं की काय करायचं, हे मला कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं नाही. म्हणून सगळं सांगतो. आधी चिंचेचं सांगावं लागेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावात दोन मोठी झाडं. चावडीपुढं पिंपळ, त्याला दगडी पार. पारावर गाव बसायचं. आमच्या बापजाद्यांनी त्या पारापासून चार हात लांब, उन्हात उभं राहून दवंडीचा हुकूम घ्यायचा. दुसरं झाड म्हणजे म्हारवड्याच्या तोंडाशी असलेली चिंच. चिंचेवर भुतं असतात म्हणून गावातलं कुणी तिच्या सावलीला टेकत नसे. अशा रीतीनं गावानं भुतं आमच्या वाट्याला दिली, आणि भुतांबरोबर सावलीही आली. आम्ही त्या सावलीत जेवलो, भांडलो, बाळंतिणींना शेकलं, मयतं टेकवली. १९५६ नंतर पहिली बुद्धवंदना तिथंच झाली. पाटीवर बाबासाहेबांचं चित्र काढून ती पाटी खोडाला टेकवली होती, असं आजी सांगायची.

ती चिंच आजीच्या सासूनं जगवली. पाणी कुठलं? विहिरीवर आम्हाला चढायची बंदी. कुणी वरून ओंजळीत, मडक्यात ओतील तेवढंच पाणी. त्यात पोरांनी प्यायचं, आणि भांडी विसळलेलं खरकटं पाणी चिंचेला. आजी म्हणायची, "आमची चिंच उष्ट्या पाण्याव वाढली, म्हून आंबट."

आता कायद्याची गंमत बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २५. धारण केलेल्या जमिनीत उभ्या असलेल्या झाडांचा हक्क जमीन धारण करणाऱ्याचा. झाड कुणी लावलं, पाणी कुणी घातलं, गुरांपासून कुणी राखलं, हे कलमाला ठाऊक नाही. त्याला सातबारा ठाऊक आहे. चिंच ज्या तुकड्यात उभी होती तो तुकडा सातबाऱ्यावर पाटलाच्या भावकीत. म्हणजे तीन पिढ्या आम्ही पाटलाच्या झाडाला पाणी घालत होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता! राबणूक आमची आणि नाव त्यांचं, ही नुसत्या जमिनीची रीत नाही. सावलीचीही आहे.

१९८४ साली वीटभट्टीवाल्याशी सौदा झाला. सकाळी दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. बाया खोडाला कवटाळून वगैरे उभ्या राहिल्या नाहीत, ते चित्र पुस्तकातलं. बाया कामाला गेल्या होत्या. आम्ही चार पोरं होतो, आणि माझ्याकडं तालुक्याच्या वकिलानं दिलेला एक टंकलिखित कागद होता. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा. त्याला एक अनुसूची आहे, म्हणजे झाडांची यादी : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ वगैरे. यादीतलं झाड तोडायचं तर जमीन स्वतःची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी पाहिजे. बिगरपरवाना तोडलं तर दंड, मूळ कायद्यात जास्तीत जास्त एक हजार रुपये, आणि लाकूड सरकारजमा.

यादीत चिंच होती. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. कुऱ्हाडवाले आमच्यासारखेच पोटाला आलेले. ते म्हणाले, "आमाला काय, तुमी अन् पाटील बगून घ्या." आम्ही तालुक्याला अर्ज दिला, पोच घेतली. चौकशी आली. तोड थांबली.

त्या रात्री चिंचेखाली आम्ही जे नाचलो ते विचारू नका. पाटलाच्या मालकीच्या झाडाला पाटलानं हात लावायचा नाही, आणि हे सांगणारे कोण, तर आम्ही. पण त्या आनंदात एक गोष्ट नजरेतून सुटली, ती आज लिहितो. कायद्यानं आमची बाजू घेतली नव्हती. चिंचेची घेतली होती. आम्ही नुसते तिच्या मागं उभे होतो, म्हणून आम्हालाही सावली मिळाली. आणि हेही सांगून टाकतो : त्या यादीत पिंपळ नाही. कडुनिंब नाही. बाभळ नाही. यादी लाकूड-फळाच्या मोलावरून झालेली दिसते. बोधिवृक्षाचं ज्यांना मोल त्यांना विचारून झालेली नाही. पारावरच्या पिंपळाला कायद्याची गरजही नव्हती म्हणा. त्याला गावाचा धर्म राखत होता. ज्याला धर्म राखतो त्याला यादी लागत नाही. यादी लागते ती आमच्या चिंचेला.

आता चुलत्याचा आंबा.

ती जमीन महारवतनाची. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं होतं, हे तुम्ही वाचलेलं असेल. वतन म्हणजे तुकडाभर जमिनीच्या बदल्यात दिवसरात्रीची फुकट वेठ. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं संपली. कब्जेहक्काची किंमत भरून जमीन परत नावावर होणार, पण नव्या शर्तीनं. म्हणजे विकायची तर कलेक्टरची परवानगी, नजराणा. शर्त आमच्या भल्याचीच होती, नाहीतर सावकारांनी चार दिवसांत सगळं गिळलं असतं. हे मी मानतो. पण घरात माणूस आजारी पडलं की भल्याची शर्त गळ्याशी येते, हेही खरं.

चुलतीचं ऑपरेशन होतं. जमीन विकता येईना, गहाण कुणी ठेवून घेईना. राहिला आंबा. वखारवाल्यानं भाव केला. चुलत्यानं माझ्याच सांगण्यावरून परवानगीचा अर्ज टाकला. मीच लिहून दिला. पोच घेतली, आवक क्रमांक घेतला, सगळं रीतसर. महिना गेला. दुसरा गेला. साहेब दौऱ्यावर. साहेब मीटिंगला. सातबाऱ्यावर झाडाची नोंद नाही, ती आणा. तलाठी म्हणाला, पाहणीला यावं लागेल. पाच महिने झाले. दवाखान्यानं तारीख दिली आणि चुलत्यानं करवत लावली.

दुपारपर्यंत तक्रार तालुक्याला पोचली होती. तक्रार कुणी केली? पाटलाच्या भावकीतल्या एकानं. कोणत्या कायद्यानं? माझ्या. तीन वर्षं त्यानं तो कायदा जपून ठेवला होता, विळा धार लावून ठेवतात तसा.

त्याच वेळी गावाच्या वरच्या अंगाच्या मळ्यांतून रात्री लाकडाच्या ट्रका जात होत्या. सगळं गाव आवाज ऐकत होतं. त्यांचा पंचनामा कधी झाला नाही, कारण पंचनाम्याला तक्रारदार लागतो, आणि त्या मळ्यांवर मजुरीला जाणारा माणूस तक्रारदार होत नाही. कायदा सर्वांना सारखा असतो, पण त्याला हाक मारावी लागते. हाक मारायला जी छाती लागते ती पोटातून येते, आणि पोट मळेवाल्याकडं गहाण.

वनरक्षकानं दुसऱ्या दिवशीपर्यंत मुदत दिली. रात्री आमच्या वाचनालयात, म्हणजे एका पत्र्याच्या खोलीत, आम्ही सात-आठजण बसलो. एक पोरगा तडकून म्हणाला, "झाडबीड सगळं सवर्णांचं चोचलं. ज्यांची पोटं भरलीत त्यांना हिरवळ सुचते. फाडा कागद." दुसरा म्हणाला, "मग चिंचेच्या टायमाला कुणाचं चोचलं होतं? तवा कायदा गोड आणि आता कडू?" तिसरा, जरा वाचणारा, म्हणाला, "आपण बौद्ध. झाड तोडणं भिक्खूला वर्ज्य. आपण तोडणाऱ्याच्या बाजूनं कसं उभं राहायचं?"

ह्या तिसऱ्याच्या बोलण्यानं मी जास्त अडकलो. तो म्हणत होता ते विनयातलं खरंच आहे. पाचित्तियाचा अकरावा नियम. त्याची कथा अशी : आळवीचा एक भिक्खू झाड तोडत होता. त्या झाडात राहणारी देवता म्हणाली, भन्ते, तुमचं घर बांधायला माझं घर मोडू नका. त्यानं ऐकलं नाही, आणि घाव तिच्या पोराच्या हातावर बसला. तिच्या मनात आलं, ह्याला इथंच मारून टाकावं. पण तसं न करता ती भगवंताकडं गेली आणि घडलं ते सांगितलं. भगवंतांनी तिला मारलं नाहीस हे बरं केलंस म्हटलं, आणि अमक्या ठिकाणी एक झाड रिकामं आहे, तिथं जाऊन राहा असं सांगितलं. लोकही भिक्खूंच्या नावानं बोटं मोडू लागले होते. मग नियम झाला.

देवता-बिवता मी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस मी. पण कथा मला सोडत नाही, ती वेगळ्या कारणानं. तिथं नियम कसा जन्मला बघा. जिचं घर मोडलं तिनं तक्रार केली, ती ऐकली गेली, आणि नियमाच्याही आधी तिला राहायला दुसरं झाड मिळालं. आधी पुनर्वसन, मग कायदा! आमच्याकडं यादी आधी येते, दंड मग येतो, आणि झाडाच्या आसऱ्यानं जगणारा माणूस कागदावर कुठंच येत नाही. आला तर आरोपी म्हणून येतो.

आणि बाबासाहेब. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी अहिंसेची फोड केली आहे. अहिंसा हे बुद्धानं तत्त्व म्हणून सांगितलं, नियम म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत ते भेद करतात. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळं ठेवतं आणि म्हणून जबाबदारही धरतं. मी हे झाडाला लावून पाहिलं. पाटलाच्या भावकीला चिंच तोडायची गरज नव्हती, इच्छा होती. वीट भाजायला दुसरं जळण मिळालं असतं. चुलत्याला इच्छा नव्हती, गरज होती. त्या आंब्याला त्यानंच पाणी घातलेलं. आदल्या रात्री तो झाडाखाली निजला होता हे मला नंतर कळलं. तत्त्वाच्या ताजव्यात दोघं वेगळे पडतात. कायद्याच्या यादीत मात्र दोघंही एकच : विनापरवाना तोड, झाडाची जात अमुक, घेर तमुक.

(झाडालाही कागदावर 'जात' असते. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात मी ती वाचली तेव्हा त्या परिस्थितीतही हसू आलं.)

इथं थांबून मी 'म्हणून कायदा फाडा' म्हणालो असतो तर सोपं होतं. पण गरज कोण ठरवणार? उद्या प्रत्येकजण म्हणेल, माझी गरज. वीटभट्टीवाल्यालाही पोरंबाळं होती. गरजेचा निवाडा गावानं करायचा म्हटला तर गाव म्हणजे कोण? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटलं ते तुम्हाला पाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही. पारावर बसलेल्या पंचांपेक्षा मला तालुक्याचा सुस्त, पैसे खाणारा साहेब परवडतो. त्याच्यावर निदान अपील करता येतं. नियम नसता तर चिंच १९८४ सालीच भट्टीत गेली असती. तत्त्व आमच्याकडं त्याच्या आधीही होतं. तत्त्वानं कुऱ्हाड थांबली नसती. टंकलिखित कागदानं थांबली.

म्हणजे मला नियम हवा होता आणि नियम मलाच चावत होता. पहाटेपर्यंत एवढंच सुचलं की पंच म्हणजे काय हे आपण विसरतोय. पंचानं डोळ्यांनी दिसेल ते सांगायचं असतं. पण पंचनाम्यात काय काय लिहायचं हे कुणी ठरवलं? झाडाचा घेर डोळ्यांना दिसतो. पाच महिन्यांची पोच दिसत नाही का? तोही कागदच आहे की.

सकाळी मी वनरक्षकाला म्हणालो, सही करतो. पण त्यात लिहा : अर्जाची तारीख, आवक क्रमांक, त्यावर आजतागायत निर्णय नाही, बायकोच्या ऑपरेशनची तारीख अमुक. तो म्हणाला, पंचनाम्यात असलं लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग पाटलाला घ्या पंच. बराच वेळ तो गप्प उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, तोही कुणाच्या तरी हाताखालचा. शेवटी लिहिलं त्यानं, बारीक अक्षरात, तळाला. मी सही केली.

काय झालं? दंड झाला. लाकूड सरकारजमा झालं. तळाच्या त्या ओळी कुणी वाचल्याचं मला कधी कळलं नाही. ऑपरेशन उधारीवर झालं, चुलती वाचली. ते कर्ज चुलता सहा वर्षं फेडत होता.

तो मला एवढंच म्हणाला, "तू खरं लिवलंस. खोटं न्हाय लिवलं. पर खरं लिवायला तुला माझंच झाड गावलं व्हय रं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. मळेवाल्यांच्या ट्रका मी का अडवल्या नाहीत? भीती होती म्हणून. चिंचेच्या वेळी धैर्य दाखवलं, कारण मागं वस्ती होती. मळ्यावर जायचं तर एकट्यानं जावं लागलं असतं, आणि वस्तीतल्या बायांची मजुरी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती. कायदा सगळ्यांवर सारखा चालवायचा तर तो वरच्या टोकाकडून चालवायला सुरुवात करावी लागते. आम्ही खालून केली, कारण तेवढंच हाताला येत होतं. नियमाशी मी प्रामाणिक राहिलो. माझा प्रामाणिकपणा कुणाच्या खर्चानं झाला हे मात्र चुलत्यालाच विचारावं लागेल.

तरुण कार्यकर्त्यांनो, आता तुमच्या काळातलं. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचं खातं सुरू झालं. आमच्या गावाला सुबाभळीची रोपं आली. लावायची कुठं? गायरानात. मळ्याच्या बांधावर का नाही, हे कुणी विचारलं नाही. ज्या गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले, जिथं आपली माणसं दगड वेचून बाजरी पेरत होती, तिथंच खड्डे खणले गेले. पेरा उपटून झाड लावलं की त्याला अतिक्रमण हटवलं म्हणत नाहीत, वृक्षारोपण म्हणतात. तारेच्या कुंपणापेक्षा रोप स्वस्त पडतं, आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस आपोआप झाडाचा वैरी ठरतो. पुढं २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहेतीस कोटी झाडं लावायचे आकडे आले. आकडे वाचताना माझ्या मनात दर वेळी एकच येतं : कुणाच्या जमिनीत?

२०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं. शासकीय आदेशानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारख्या गोष्टींना त्याच निकालात अपवाद ठेवला आहे. तो परिच्छेद आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा, कारण समोरचा तो वाचत नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली होती : पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणायचं. चांगली गोष्ट आहे, मी टाळी वाजवतो. फक्त गायरानातल्या पन्नास वर्षं जुन्या घराला काय म्हणायचं, हे त्या दुरुस्तीत नाही.

आमची चिंच? रस्ता रुंद झाला त्यात गेली. रीतसर परवानगीनं. यादीत नाव होतं, अर्ज झाला, मंजुरी आली, यंत्र आलं, तासाभरात मुळासकट निघाली. आम्ही आक्षेप दिला होता, त्याची पोच माझ्याकडं आहे. पारावरच्या पिंपळाला मात्र रस्त्यानं वळसा घातला.

गेल्या उन्हाळ्यात गायरानातल्या वस्तीवर गेलो होतो. नोटिसांचं काम. एक कॉलेजातली पोरगी मोबाइलवर एकेका घराची नोंद घेत होती : भिंत, पत्रा, वीजबिल, मतदारयादी. मी तिला म्हणालो, झाडं पण लिही. तिनं विचारलं, त्याचा काय उपयोग? मी म्हणालो, झाडाचं वय मोजता येतं. घराचं कुणी मानत नाही. मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. कडुनिंब, शेवगा, बोर, दोन जांभळं.

चुलतीच्या घराशी आलो. चुलता आता नाही. चुलती दाराशी बसली होती, ऐकू कमी येतं. घरामागं आंबा आहे, चांगला भरलेला. पोरीनं विचारलं, "आज्जे, हा कधी लावलाय?"

"त्यो व्हय," चुलती म्हणाली. "ह्यांचा पाडला न्हाय का, त्याच्या पडल्या कैऱ्या पोरांनी आडीत घातल्या हुत्या. त्यातली कोय हाय."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी तिला साल सांगितलं. १९८७.

"तुम्हाला नक्की आठवतंय?" तिनं विचारलं. "पुरावा काय लावायचा?"

मी म्हणालो, एक पंचनामा आहे. माझी सही आहे त्यावर.